थ्री-सेव्हन्टी-फाइव्हचा धक्का

दक्षिण आफ्रिकेत पर्यटकांना जंगलात पायी फिरवायचं तर गाइडच्या हातात रायफल लागते, आणि तीही निदान .३७५ बोअरची, म्हणजे नळीचा आतला व्यास तेवढे इंच. हत्ती, सिंह, गेंडा, केप बफेलो हे पायवाटेच्या वळणावर समोर येऊ शकतात तिथे त्याहून हलकं हत्यार कुणी चालवून घेत नाही. पुढे एक गाइड, त्याच्या मागे दुसरा बॅकअप, दोघांकडे रायफली, आणि मग रांगेने जास्तीत जास्त आठ पाहुणे. ताडोबात जिप्सीत बसून वाघ बघायची सवय असलेल्या माणसाला हे सगळंच विचित्र वाटतं. मला वाटलं होतं. क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर भागात पाहुणी म्हणून अशी रांगेत चालले आणि परत येताना डोक्यात एकच किडा: मला रांगेत नाही, रांगेच्या पुढे चालायचंय.

मी मूळची कोल्हापूरची, बरीच वर्षं प्रिटोरियात. नोकरी विमा कंपनीत आकडेमोडीची. शिकारीत मला काडीचा रस नाही, आणि ट्रेल्स गाइडचा शिकारीशी तसा संबंधही नाही. गोळी झाडायची वेळ येणं हेच मुळात त्याच्या लेखी अपयश असतं. पण ती वेळ आलीच तर ती गोळी कुठेतरी जाऊन चालत नाही, म्हणून फील्ड गाइड्स असोसिएशनची रायफल हाताळणीची एक वेगळी परीक्षा आहे. प्राण्यांचे माग, झाडं, पक्षी, प्रथमोपचार हे मला जमणार होतं. घोडं अडणार होतं ते या परीक्षेपाशी, हे घरात सगळ्यांनाच आधीपासून माहीत होतं. उंची पाच फूट एक इंच.

बंदुकीचा पूर्वानुभव म्हणजे कॉलेजातली एनसीसी. पोत्यावर झोपून .२२ चालवलेली. कोल्हापूरच्या माणसाला रायफल म्हटलं की तीच आठवते. आपल्या जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं तेही .२२ वरच. ऑलिम्पिकची ती रायफल आठ किलोपर्यंत भरू शकते आणि तिची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. म्हणजे तिथे धक्का हा विषयच नाही, सगळा खेळ स्थिरतेचा.

.३७५ चं गणित वेगळं आहे. ते मी पहिल्या रात्रीच मांडून बघितलं, तो आमच्या धंद्याचा दोष. गोळी ३०० ग्रेनची, म्हणजे साधारण साडेएकोणीस ग्रॅम. नळीतून सुटताना वेग सेकंदाला ७६० मीटरच्या आसपास. तिच्यामागून जळालेल्या दारूचा वायू तिच्याहूनही वेगाने बाहेर पडतो, त्याचाही हिशेब धरावा लागतो. एवढा संवेग पुढे गेला की तेवढाच मागे येणार. सव्वाचार किलोची रायफल सेकंदाला पाच मीटरच्या जरा आतल्या वेगाने खांद्यावर येते, ऊर्जा सुमारे ५० ज्यूल. इथले लोक हरणांसाठी वापरतात त्या .३०-०६ च्या साधारण दुप्पट. माझ्या एनसीसीच्या .२२ चा आकडा अर्ध्या ज्यूलपर्यंतही पोचत नाही.

आकडे बघून झोप लागली नाही असं काही नाही. पण सकाळी रेंजवर जाताना खांदा आधीच दुखत होता.

रेंज होती लिम्पोपो प्रांतात हूडस्प्रूटच्या बाजूला, मोपानीच्या झुडपांत, मागे लाल मातीचा उंच बांध. प्रशिक्षक साठी ओलांडलेले आफ्रिकानर गृहस्थ. तिथल्या रिवाजाप्रमाणे आम्ही सगळे त्यांना ‘ऊम’ म्हणायचो, काका म्हणावं तसं. त्यांनी पहिल्या सत्रात कुणालाच गोळी झाडू दिली नाही. प्रत्येकाला रायफल खांद्याला लावायला सांगितली, बाजूने बघितलं, आणि माझ्यापाशी थांबून म्हणाले, “ही बंदूक तुझी नाही. हिच्या मालकाचे हात तुझ्यापेक्षा लांब आहेत.”

ते खरंच होतं, आणि पुढे जे जे झालं त्यातलं निम्मं या एका वाक्यात होतं. भाड्याच्या रायफलचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा लाकडी भाग, सरासरी पुरुषाच्या मापाचा असतो. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर माझ्यासाठी दोन-अडीच सेंटिमीटर जास्त होतं. एवढ्याने काय होतं, असं वाटेल. होतं असं की चापापर्यंत बोट पोचवायला हात ताणावा लागतो, मग दस्ता खांद्याच्या खळगीत न बसता बाहेर सरकून दंडावर येतो, मान पुढे काढावी लागते, आणि गाल दस्त्यावर घट्ट टेकण्याऐवजी नुसता चिकटून राहतो. हलक्या बंदुकीत हे खपून जातं. .३७५ दंडावर घेतली तर दंड काळानिळा होतो, आणि सैल गालावर दस्ता उसळून थेट हाडावर चापट मारतो. त्या सत्रात माझ्यासाठी दुसरी रायफल मिळाली नाही. मी त्याच लांब दस्त्याची घेऊन उभी राहिले.

उभी, हे महत्त्वाचं. बसून, टेबलावर कोपरं टेकून मोठ्या बोअरची रायफल चालवू नये हे ऊम दहादा सांगायचे. माणूस बसला की कंबर अडकते, शरीराला मागे जायला जागा राहत नाही, सगळा मार खांद्याचं हाड आणि मान खाते. पोटावर झोपून तर त्याहून वाईट. नेम तपासायलाही त्यांनी छातीएवढ्या उंचीचा एक लाकडी घोडा करून ठेवला होता, त्यावर वाळूची पिशवी, आणि चालवणारा मागे उभा. डावा पाय पुढे, गुडघे मोकळे, वजन पुढच्या पायाच्या चवड्यावर, छाती थोडी पुढे झुकलेली. लोकलच्या दारात उभं राहताना गाडी हिसका देणार हे धरून आपण पाय जसे ठेवतो, तसं. तिथे कुणी गुडघे ताठ करत नाही आणि कुणी मागेही रेलत नाही. नवखे लोक मात्र रायफलच्या वजनाने हमखास मागे रेलतात, आणि तसे असताना गोळी सुटली की दोन पावलं मागे जातात. आमच्यातला एक दणकट रग्बी खेळाडू असाच मागे गेला. मी नाही गेले. वजनाचा आणि ताकदीचा इथे फारसा उपयोग नसतो हे तिथे डोळ्यांनी दिसलं.

हातांचंही सगळं उलटं शिकावं लागलं. एनसीसीत शिकवलं होतं की डाव्या हाताने रायफल नुसती तोलायची, पकडायची नाही. इथे डाव्या हाताने पुढचं लाकूड घट्ट धरून मागे, खांद्यात ओढायचं. नाहीतर नळी आकाशाकडे उडते. उजव्या हाताची तीन बोटंही मागेच ओढतात, चापावरचं बोट तेवढं मोकळं. उजवा अंगठा दस्त्याच्या मानेवरून पलीकडे न टाकता बाजूने ठेवायचा, कारण पलीकडे टाकलेला अंगठा नाकावर येतो. दस्ता आणि खांदा यांच्यात फट ठेवायची नाही, कारण फट असेल तर रायफल आधी वेग घेते आणि मग आदळते. धक्क्याच्या भीतीने माणूस नेमकं हेच करतो: रायफल अंगापासून जराशी दूर धरतो.

बायकांसाठी एक गोष्ट कुठल्याही पुस्तकात लिहिलेली नसते, म्हणून इथे लिहिते. ब्रेसियरच्या पट्ट्याचं प्लास्टिकचं बक्कल नेमकं त्या खळगीत येतं. पहिल्या दिवशीचा माझा सर्वांत ठळक वण त्या बक्कलाच्या आकाराचा होता, चौकोनी. स्पोर्ट्स ब्रा घाला. पाठीवरच्या सॅकच्या पट्ट्यालाही तेच लागू.

पहिली गोळी सुटली तेव्हा काय वाटलं ते मला नीट सांगता येत नाही, कारण काही वाटायच्या आत ते संपलेलं होतं. धूळ, कानात दाबल्यासारखं, आणि आपण अजून उभे आहोत याचं आश्चर्य. दुखलं नाही. दुखणं संध्याकाळी आलं. दुसरी गोळी मात्र बांधाच्या पायथ्याशी मातीत गेली, तिसरीही. ऊम काही बोलले नाहीत. रायफल माझ्या हातून घेतली, पाठ फिरवून भरली आणि परत दिली.

ही जुनी पद्धत आहे. शिकणाऱ्याला कळू न देता रायफलमध्ये कधी खरं काडतूस घालायचं, कधी डमी, म्हणजे न उडणारं खोटं काडतूस. मी नेम घेतला, माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट, कागदावरच्या काळ्या गोलाखाली आणली, चाप ओढला. ‘टक्’. आत डमी होती. आणि त्या शांततेत नळीचं टोक चांगलं वीतभर खाली गेलं. खांदा पुढे झेपावला होता, डोळे मिटले होते, ओठ आवळले होते. न झालेल्या धक्क्याला मी पूर्ण ताकदीनिशी उत्तर दिलं होतं. शेजारी उभ्या असलेल्या, तिथल्या त्सोंगा समाजातल्या एका मुलाने फोनवर स्लो मोशनमध्ये ते टिपलं आणि सगळ्यांना दाखवलं. मी स्वतः तीनदा बघितलं. आधी पापण्या मिटतात, मग डाव्या हाताची मूठ दाबली जाते, मग खांदा पुढे, आणि या सगळ्यानंतर बोट चाप ओढतं. सगळं इतकं पद्धतशीर की कुणीतरी बसवलेलं वाटावं.

याला ‘फ्लिंच’ म्हणतात आणि मोठ्या बोअरचा खरा प्रश्न हाच आहे. धक्क्याने नेम बिघडतो अशी माझी समजूत होती. गणित काही वेगळं सांगतं. साठ सेंटिमीटरच्या नळीतून बाहेर पडायला गोळीला दीड मिलिसेकंद लागतो असं धरा. तेवढ्या वेळात रायफल जेमतेम तीन मिलिमीटर मागे आलेली असते. माणसाला एखाद्या गोष्टीवर हालचाल करायला चपळाईने म्हटलं तरी दीडशे-दोनशे मिलिसेकंद लागतात. धक्का जाणवतो तोवर गोळी कागदातून आरपार जाऊन मातीत बसलेली असते. तेव्हा गोळी चुकवणारा धक्का आलेला नसतो, येणार असलेला असतो. खांदा मजबूत करण्याचे व्यायाम, जाड पॅड, दात-ओठ खाणं यांतल्या कशानेही तो जात नाही.

मग काय केलं? मुख्य म्हणजे मला .३७५ पासून लांब ठेवलं. बराच वेळ .२२, तीही उभ्यानेच आणि त्याच पवित्र्यात. मग मधल्या ताकदीची .३०८. मग .३७५, पण दहा वेळा भरली तर सात-आठदा डमी. काय आहे हे माहीत नसल्यामुळे हळूहळू अंग वाट बघणं सोडतं. आणि प्रत्येक वेळी, टक् होवो की धाड होवो, ऊमचा एकच प्रश्न: “माशी कुठे होती?” चाप सुटला त्या क्षणी माशी गोलाच्या डावीकडे होती, खाली होती की बरोबर होती हे सांगायचं. सांगता आलं नाही तर त्याचा अर्थ डोळे मिटले होते. सुरुवातीला मी अंदाजाने ठोकून द्यायचे आणि कागद मला खोटं पाडायचा. पुढे उत्तर आणि कागदावरचं भोक जुळायला लागलं. गोळी कुठे लागली यापेक्षा ते जुळलं की ते मान हलवायचे.

दुसरा उपाय कानाचा. मी नुसते इअरमफ लावत होते. .३७५ चा आवाज नळीच्या तोंडाशी १६० डेसिबलच्या आसपास असतो. अचानक होणारा आवाज १४० च्या वर गेला की कानाला कायमची इजा होऊ शकते. कानात फोमचे बोळे आणि त्यावर मफ असं दुहेरी केलं, आणि मला शपथेवर वाटलं की दारू कमी भरलीय. तीच काडतुसं होती. ज्याला आपण धक्का म्हणून घाबरतो त्यातला बराच हिस्सा आवाजाचा असतो. याच कारणासाठी नळीच्या तोंडाला मझल ब्रेक बसवायला गाइड लोक तयार नसतात. त्याने धक्का चांगलाच कमी होतो, पण वायू बाजूंना फेकला जातो आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे कान फुटायची वेळ येते. जंगलात तो शेजारी म्हणजे माग काढणारा ट्रॅकर किंवा आठांतला एखादा पाहुणा. कुणीच मफ लावून चालत नाही.

घरी रोज संध्याकाळी भिंतीवरच्या ठिपक्यावर ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे गोळीविना सराव. रायफल प्रशिक्षकांची, माझ्याकडे परवाना नव्हता, म्हणून झाडूच्या दांड्यावर. हसू नका. पवित्रा, श्वास, बोटाची सावकाश हालचाल हे झाडूवरही शिकता येतं, आणि शेजाऱ्यांच्या मुलांना मी आवडायला लागले.

मधल्या काळात एका सहशिक्षार्थिनीने तिची स्वतःची .४१६ रिग्बी मला चालवायला दिली. कागदावर ती .३७५ च्या दीडपट, सत्तरच्या वर ज्यूल. मी मनात कोल्हापूरच्या अंबाबाईला नारळ बोलून उभी राहिले. आणि ती सुसह्य निघाली! तिचा दस्ता आखूड करून घेतलेला होता, टोकाला मऊ रबराचं जाड पॅड होतं, रायफलही अर्धा किलो जड. दस्ता खळगीत नीट बसला, गाल टेकला, आणि गोळी सुटल्यावर सगळं शरीर कंबरेपासून मागे गेलं आणि परत आलं. दंडाला, गालाला काहीच नाही. मापात न बसणारी छोटी बंदूक मापातल्या मोठीपेक्षा जास्त मारते हे त्या दिवशी खांद्याने मान्य केलं. दुर्बीण लावलेल्या रायफलींचा आणखी एक प्रसाद असतो. आमच्यातल्या एकाच्या भुवईवर चंद्रकोरीसारखा जुना व्रण होता. डोळा दुर्बिणीच्या फार जवळ नेला की तिची कडा असा शिक्का मारते. गाइडच्या रायफलवर दुर्बीण नसते, नुसती माशी आणि मागची खाच, त्यामुळे मी त्यातून वाचले.

या काडतुसांचं वय ऐकून गंमत वाटते. .४१६ रिग्बी १९११ ची, .३७५ लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने १९१२ मध्ये काढली, आणि दोन्ही आजही रोजच्या वापरात आहेत. यात आपलाही एक धागा आहे. १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० बोअरच्या काडतुसांवर बंदी घातली, ती बंडखोरांच्या मार्टिनी-हेन्री रायफलींना उपयोगी पडतील या धास्तीने. मग वाघ-गव्यांच्या शिकारीसाठी बंदुका विकणाऱ्यांनी .४६५, .४७०, .४७५ असे शेजारचे आकडे बाजारात आणले. .४७० आजही आफ्रिकेत जोरात आहे. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधले पेंढा भरलेले वाघ बघत मोठं झालेल्या मला ही माहिती ऊमकडून मिळावी हे जरा लागलंच.

एकेक गोळी ठीक जायला लागल्यावर कळलं की परीक्षा एका गोळीची नाहीच. धक्का बसला की माणूस रायफल खाली घेतो आणि काय झालं ते बघतो. सिंह तीस मीटर अंतर दोन-अडीच सेकंदांत कापतो. बघायला वेळ नसतो. रायफल खांद्यावर, गाल दस्त्यावर, आणि नळी वर उसळलेली असतानाच तळहाताने बोल्ट, म्हणजे टरफल काढून नवं काडतूस आत ढकलणारा दांडा, उचलून पूर्ण मागे, पूर्ण पुढे. ‘पूर्ण’वर जोर. घाईत बोल्ट अर्धवट मागे आणला की रिकामं टरफल बाहेर पडतं पण नवं काडतूस उचललंच जात नाही, आणि हातात भरलेल्या मॅगझिनची रिकामी बंदूक राहते. माझ्या आखूड हातांना खांद्यावर ठेवून बोल्ट चालवणं जड जायचं. शेवटी उजवं कोपर वर उचलून, बोल्टच्या मुठीला बोटांऐवजी तळव्याने मारायची युक्ती त्या त्सोंगा मुलाने दाखवली. तीच चालली.

एका बैठकीत मोठ्या बोअरच्या आठ-दहा गोळ्यांच्या वर जायचं नाही हा ऊमचा नियम. त्यानंतर डोकं जड होतं, अंग पुन्हा आधीच दचकायला लागतं, आणि कमावलेलं सगळं तासाभरात जातं. काडतुसांची किंमत बघता खिशालाही हा नियम मानवतो.

परीक्षेत डोळ्यांवर पट्टी बांधून रायफल भरायची होती, न उडालेलं काडतूस काढून पुढचं चालवायचं होतं, आणि शेवटी गाड्यावर लावलेला बफेलोचा पुठ्ठा दोराने ओढला जाऊन अंगावर येत होता. त्या पुठ्ठ्यावर मी दोन गोळ्या झाडल्या. पहिलीचा धक्का मला आठवत नाही. बसला असणारच, कारण दुसऱ्या दिवशी वण होता. ऊमनी विचारलं, माशी कुठे होती. मी म्हटलं, पहिली जरा खाली, दुसरी बरोबर. पुठ्ठा आणला. पहिली खरंच खाली होती, पण आखलेल्या चौकटीत.

आता स्वतःची रायफल घेतलीय, जुनी चेक बनावटीची ब्रनो ६०२, .३७५ चीच. दस्ता अडीच सेंटिमीटर कापून घेतला, टोकाला रबराचं पॅड बसवलं. कापताना बंदूकवाला हळहळला, एवढं छान अक्रोडाचं लाकूड म्हणून. इथला कायदा कडक आहे. सक्षमता प्रमाणपत्र वेगळं, प्रत्येक रायफलचा परवाना वेगळा, आणि परवाना हाती येईपर्यंत रायफल दुकानदाराच्याच तिजोरीत. कागद पोलिसांकडे गेलेत. तोवर मी अधूनमधून दुकानात जाऊन ती खांद्याला लावून बघते, आणि घरी झाडू आहेच.